वारंवार तुटणाऱ्या वाय-फायचे निदान

ताप आला की गोळी आणि वाय-फाय गेले की राउटर बंद करून पुन्हा चालू, हे दोन उपचार आता घरोघरी पाठ झाले आहेत. दोन्हींचा गुण येतो, पण तात्पुरता. गोळीने ताप उतरतो, तो का आला ते कळत नाही. बंद-चालू केल्याने जोडणी परत येते, ती का गेली ते कळत नाही. शिवाय बंद-चालू करताना बऱ्याच उपकरणांतल्या आतल्या नोंदीही पुसल्या जातात. म्हणजे निदानाचा पुरावाच हातचा जातो.

आरोग्याच्या सदरात वाय-फायचे काय काम, असे कुणी विचारील. सांगतो. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्याच वर्षी ‘ई-संजीवनी’ची घरबसल्या ओपीडी सुरू झाली. तेव्हापासून हृदयविकार, मधुमेह, पक्षाघात यांच्या रुग्णांचा पाठपुरावा आम्ही काही प्रमाणात व्हिडिओ कॉलवर करतो. पायावरची सूज, श्वासाचा वेग, वजनकाट्यावरचा आकडा पडद्यावर दिसतो आणि शंभर किलोमीटरची एक खेप वाचते. पण कॉल नेमका सूज दाखवताना तुटला, तर अर्धवट पाहून दिलेला सल्ला हा धोका असतो.

त्यातून अनेक घरांत वृद्ध माणूस राहतो मागच्या घरात, वरच्या मजल्यावर किंवा वाडीतल्या जुन्या घरात, आणि इंटरनेटची जोडणी असते पुढच्या घरात. मधले अंतर भरून काढायला लोक ‘वायरलेस ब्रिज’ बसवतात. मुख्य राउटरचा सिग्नल हवेतूनच उचलून पलीकडच्या घरातल्या उपकरणांना देणारा हा पूल. पूल चालू असतो तेव्हा त्याची आठवणही येत नाही. तो दिवसातून चार वेळा तुटू लागला की मात्र सगळ्यांचे डोके फिरते.

‘नेहमीसारखे गेले असेल’

माझ्या ओपीडीत येणाऱ्या एका ८२ वर्षांच्या आजींचे उदाहरण देतो. हृदयाची पंप करण्याची शक्ती कमी झालेली, लघवी वाढवणाऱ्या गोळीचा डोस वजन पाहून कमी-जास्त करावा लागायचा. आजी जुने घर सोडायला तयार नाहीत. नवे घर रस्त्याकडेला, जुने साधारण ६० मीटर मागे. मे महिन्यात घरच्यांनी दोन घरांमध्ये ब्रिज बसवला, आजींच्या खोलीत कॅमेरा लावला. पुण्याची लेक तिथून बघायची, सून नव्या घरातून.

सुरुवातीला जोडणी गेली की पुण्याहून घाबरून फोन यायचा आणि नातू धावत जायचा. आजी आपल्या जपमाळ ओढत बसलेल्या. असे पंधरा-वीस वेळा झाल्यावर धावणे थांबले. पुढे जुलैतल्या एका रात्री आजींना आडवे पडले की दम लागू लागला आणि त्या पहाटेपर्यंत उशांना टेकून बसून राहिल्या. कॅमेरा बंद होता. ‘नेहमीसारखे गेले असेल’ म्हणून कुणी पाहिले नाही. सकाळी त्यांना आणले तेव्हा फुप्फुसांत पाणी झाले होते. आजी बऱ्या झाल्या, पण चार दिवस ऑक्सिजनवर काढावे लागले.

अतिदक्षता विभागात हा प्रकार आम्हाला चांगला माहीत आहे. यंत्रांचे भोंगे विनाकारण वाजत राहिले, तर कानाला त्यांची सवय होते आणि खऱ्या भोंग्याकडेही दुर्लक्ष होते. याला ‘अलार्म फटिग’, म्हणजे इशाऱ्यांचा थकवा म्हणतात. अधूनमधून तुटणारी जोडणी अजिबात नसलेल्या जोडणीपेक्षा वाईट ती यामुळे. नसलेल्या गोष्टीवर कुणी विसंबत नाही.

येऊन-जाऊन दुखणाऱ्याचे काय करायचे?

कायम बंद असलेली वस्तू दुरुस्त करणे सोपे. मेकॅनिक आला की ती बंदच असते. अधूनमधून बिघडणारी वस्तू मेकॅनिक आला की नेमकी चालू असते. हृदयाचे ठोके चुकतात अशी तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाचेही तेच होते. साधा ईसीजी हृदयाचे जेमतेम दहा सेकंद टिपतो, आणि त्या दहा सेकंदांत सगळे सुरळीत असते. अमेरिकन शास्त्रज्ञ नॉर्मन होल्टर यांनी अंगावर वागवता येईल असा ईसीजी यंत्राचा प्रकार विकसित केला तो याच अडचणीवर. आज ‘होल्टर’ लावून आम्ही रुग्णाला घरी पाठवतो आणि सांगतो, चोवीस तास नेहमीची कामे करा, त्रास झाला की वेळ लिहा. निम्मे निदान त्या वेळांच्या यादीत असते.

तापाचेही तसेच. जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिश यांनी हजारो रुग्णांच्या तापमानाच्या नोंदींवर आधारलेला ग्रंथ १८६८ मध्ये प्रसिद्ध केला आणि तापाचा तक्ता रुग्णाच्या खाटेला लागला. एकाआड एक दिवस थंडी वाजून येणारा ताप म्हटला की आजही डॉक्टरच्या मनात आधी मलेरिया येतो.

म्हणून ब्रिजच्या बाबतीतही पहिले औषध म्हणजे वही. आठ दिवस चार रकाने भरायचे: जोडणी किती वाजता गेली, किती वेळाने आली, उपकरणावरचे कोणते दिवे लागले किंवा विझले होते, आणि त्या वेळी घरात व बाहेर काय चालू होते. पाणी तापवणे, मोटर, मायक्रोवेव्ह, पाऊस, वारा, लाइट जाणे-येणे, सगळे. या आठ दिवसांत शक्यतो काही बदलायचे नाही. आजींच्या नातवाला मी एवढेच सांगितले होते. तो बारावीचा मुलगा. त्याने वही अशी ठेवली की आमच्या वॉर्डातल्या काही तक्त्यांना लाज वाटावी.

पूल कुठे तुटतो?

पक्षाघाताच्या रुग्णात आधी ठरवायचे असते की इजा मेंदूत आहे, मणक्यात आहे की हाताच्या नसेत. ‘काय झाले’ याआधी ‘कुठे झाले’. इंटरनेटच्या वाटेवरही तीन टप्पे असतात: मोबाइलपासून ब्रिजपर्यंत, ब्रिजपासून मुख्य राउटरपर्यंत, आणि मुख्य राउटरपासून बाहेरच्या जगापर्यंत.

तपासायला ‘पिंग’ नावाचे साधन आहे. माइक म्यूस या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने ते १९८३ मध्ये लिहिले आणि पाणबुडीच्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याला नाव दिले. एक छोटा संदेश पाठवायचा आणि प्रतिसाद किती वेळात येतो ते मोजायचे. आमची सोनोग्राफीही अशीच, प्रतिध्वनी ऐकणारी. कॉम्प्युटरवर पिंगची सोय असतेच. मोबाइलसाठी मोफत ॲप मिळतात.

ब्रिजच्या बाजूच्या घरात बसून तीन पिंग करा: ब्रिजला, मुख्य राउटरला आणि बाहेरच्या एखाद्या संकेतस्थळाला. पहिल्या दोन्हींचे पत्ते सहसा उपकरणाच्या मागच्या स्टिकरवर किंवा माहितीपुस्तिकेत असतात. तिन्ही उत्तरे आली तर रस्ता सुरळीत आहे. ब्रिज व राउटर उत्तर देतात पण बाहेरून उत्तर येत नाही, तर दोष इंटरनेट कंपनीच्या लाइनवर; ब्रिजला दोष देऊ नका. ब्रिज बोलतो पण राउटर बोलत नाही, तर पूल तुटला आहे. ब्रिजच बोलत नसेल, तर तो बंद पडला आहे किंवा तुमच्या मोबाइलची त्याच्याशी जोडणी गेली आहे. पाच मिनिटांची ही तपासणी अनेकांचे नवे उपकरण घेण्याचे पैसे वाचवते.

आधी नाडी, मग बाकीचे

आता कारणांकडे वळू. बेशुद्ध रुग्ण आला की आम्ही दुर्मीळ आजारांचा विचार करण्याआधी नाडी, श्वास आणि साखर पाहतो. ब्रिजची नाडी म्हणजे वीजपुरवठा.

बहुतेक ब्रिज भिंतीतल्या छोट्या अडॅप्टरवर चालतात. त्याच्या आत कपॅसिटर नावाचे भाग असतात. विजेचा प्रवाह क्षणभर डगमगला तर साठवलेली वीज देऊन ते वेळ निभावून नेतात. उष्णतेने त्यांतले द्रव वर्षानुवर्षे सुकत जाते आणि ही क्षमता घटते. अडॅप्टर चालू दिसतो, पण छोटासा झटका सोसत नाही. म्हातारपणी हृदयाची राखीव शक्ती संपते, बसल्या जागी काही त्रास नसतो, जिना चढताना मात्र धाप लागते, तसेच.

नातवाच्या वहीत सकाळी साडेसहा ते आठ आणि संध्याकाळी सहा ते सात या वेळांत नोंदींची गर्दी होती. शेजारच्या रकान्यात दोन्ही वेळी एकच शब्द, ‘मोटर’. “डॉक्टर, मोटर लावली की जातंय!” असे त्याने फोनवर सांगितले. विहिरीवरची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. जुन्या घराची वायर लांब आणि बारीक, त्यामुळे तेवढा क्षण व्होल्टेज खाली जायचे आणि ब्रिज नव्याने सुरू व्हायचा. खात्री कशी केली? ब्रिजच्या सेटिंगच्या पानावर तो किती वेळ सलग चालू आहे याची नोंद असते. मोटर लावल्यावर ती ‘दोन मिनिटे’ दाखवत होती. म्हणजे सिग्नल गेला नव्हता, उपकरणच बंद होऊन पुन्हा उठले होते.

ही एक नोंद फार मोलाची. जोडणी गेल्यानंतर सलग चालू असल्याचा काळ शून्यापासून मोजला जात असेल, तर वीज, अडॅप्टर किंवा उष्णता यांकडे पाहा. पत्र्याखाली दुपारच्या उन्हात ठेवलेले उपकरणही तापून असेच गळपटते. तो काळ दिवसांत मोजला जात असेल आणि तरीही जोडणी तुटत असेल, तर वीज निर्दोष आहे, सिग्नलकडे वळा.

अडॅप्टर बदलताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा थोडे जास्त चालतात. पिनचा आकार जुळतो म्हणून दुसऱ्याच व्होल्टचा अडॅप्टर लावू नका. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लावला तर लाइट जाण्या-येण्याचा प्रश्नही सुटतो.

पाणी आणि पाने

नवा अडॅप्टर आणि छोटा यूपीएस लागल्यावर सकाळ-संध्याकाळच्या नोंदी थांबल्या. पण वहीत दुसऱ्या नोंदी उरल्या. त्यांना ठरलेली वेळ नव्हती. रकान्यात होते ‘पाऊस’, ‘वारा’.

एका रोगाने सगळी लक्षणे समजावून घ्यावीत हा वैद्यकातला जुना संकेत आहे. तरुण रुग्णात तो बहुधा खरा ठरतो. वृद्धांत एकाच वेळी दोन-तीन दुखणी असणे नेहमीचे. घरातल्या जुन्या वायरिंगवर उभ्या केलेल्या यंत्रणेचेही तेच. पहिले कारण सापडले की शोध थांबवू नये, वही चालूच ठेवावी.

वाय-फायचा सिग्नल उणे डेसिबलमध्ये मोजतात. सोयीसाठी एवढे लक्षात ठेवा: उणे ५० उत्तम, व्हिडिओ कॉलसाठी उणे ६५ च्या आसपास हवा, उणे ८० म्हणजे शेवटचे आचके. आकडा दहाने घसरला की ताकद दहावा भाग उरते. मे महिन्यात ब्रिज बसवणाऱ्याने उणे ६२ लिहून ठेवला होता. जुलैमध्ये तो उणे ७८ झाला. सोळाचा हा फरक म्हणजे ताकद चाळिसाव्या भागावर आली.

दोन घरांच्या मधल्या बांधावर सागाची झाडे आहेत. साग उन्हाळ्यात पानगळ होऊन उघडा असतो. ब्रिज बसवला तेव्हा पलीकडचे घर स्वच्छ दिसत होते. जून लागला, ताटाएवढी पाने फुटली आणि पावसात ओली झाली. या लहरी पाण्यात मोठ्या प्रमाणात शोषल्या जातात, म्हणून ओली पाने, ओल धरलेली भिंत, पाण्याची टाकी आणि खुद्द माणसाचे शरीर हे सगळे अडथळे ठरतात. एवढ्या कमी अंतरात पावसाच्या धारांचा मात्र फारसा परिणाम होत नाही. ‘पावसाने सिग्नल जातो’ असे आपण म्हणतो, पण दोष बहुधा ओल्या पानांचा किंवा जोडात शिरलेल्या पाण्याचा असतो.

आणखी एक बारकावा. पलीकडचा अँटेना डोळ्यांना दिसला म्हणजे वाट मोकळी, असे नाही. लहर दोरीसारखी सरळ जात नाही, मधे फुगलेल्या काकडीच्या आकाराची जागा तिला लागते. ६० मीटर अंतरासाठी, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीला अगदी मध्यावर सुमारे १.४ मीटर त्रिज्येची जागा लागते आणि तिचा निदान साठ टक्के गाभा मोकळा असावा लागतो. फांदी रेषेच्या अर्धा मीटर खाली असली तरी ती वाटेत येते.

झाडे तोडायची गरज पडली नाही. दोन्ही अँटेना खिडकीतून काढून घरांच्या उंच टोकांवर, झाडांना बगल देणाऱ्या रेषेत बसवले. सिग्नल उणे ६० वर आला. उंचावर लोखंडी पाइप लावायचा तर वायरमनकडून अर्थिंग करून घ्या आणि विजा चमकू लागल्या की उपकरणांचे प्लग काढा.

अशा वेळी बरेच जण जास्त ताकदीचा राउटर घेतात. त्याचा उपयोग मर्यादित असतो. दोन टेकड्यांवर दोन माणसे बोलत आहेत आणि एकाच्या हाती भोंगा दिला, तर त्याचे बोलणे पलीकडे पोचेल, पलीकडच्याचा आवाज काही मोठा होणार नाही. जोडणीला दोन्ही बाजूंचे बोलणे लागते. ताकद वाढवण्याआधी जागा बदला.

हवेतली गर्दी

गावात पाने आडवी येतात, शहरात शेजारी. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ पासून कमी ताकदीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे, त्यामुळे वाय-फाय, ब्लूटूथ, बिनतारी कॅमेरे सगळे तिथेच. या पट्ट्यात १३ चॅनेल आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले. खऱ्या अर्थाने वेगळे तीनच: १, ६ आणि ११. सोसायटीतले तीस राउटर या तीन खोल्यांत कोंबलेले असतात. रात्री आठ ते अकरा जोडणी अडखळत असेल आणि पहाटे चांगली चालत असेल, तर ही गर्दी समजा.

मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्याच आसपास चालतो. त्यातून सुरक्षित मर्यादेत झिरपणारी किंचित ऊर्जाही जवळच्या वाय-फायला कल्लोळासारखी असते. दूध तापवताना कॉल तुटत असेल तर ओव्हन आणि ब्रिज एकमेकांपासून दूर ठेवा.

यावर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा हा उतारा. तिथे गर्दी कमी, वेग जास्त. पण भिंती भेदण्याची ताकद कमी. त्यातल्या काही चॅनेलवर पहिला मान रडारचा असतो. मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचे जे डॉप्लर रडार आहे, ते याच घराण्यातल्या, सी-बँडच्या लहरी वापरते. रडारची चाहूल लागली की राउटर तो चॅनेल सोडतो, आणि तशाच दुसऱ्या चॅनेलवर जायचे तर तिथे आधी मिनिटभर मुकाट्याने ऐकत बसतो. तेवढा वेळ पूल तुटलेला. एकाएकी, मिनिट-दोन मिनिटे जोडणी जाऊन आपोआप येत असेल, तर ३६ ते ४८ मधला एखादा चॅनेल पक्का ठरवून बघा.

‘ऑटो’ चॅनेल ही सोय एरवी चांगली, पण ब्रिज असलेल्या घरात तापदायक. मुख्य राउटर मनाला येईल तेव्हा चॅनेल बदलतो आणि ब्रिज त्याला शोधत फिरतो. चॅनेल एकच ठरवून टाका.

दोन रुग्ण, एकच केसपेपर

वीज नीट, सिग्नल चांगला, तरीही ठरावीक अंतराने, समजा दर चोवीस तासांनी, जोडणी जाते? मग पत्त्यांचा गोंधळ पाहा. घरातल्या प्रत्येक उपकरणाला मुख्य राउटर एक क्रमांक देतो, तो ठरावीक मुदतीसाठी असतो. ब्रिजही स्वतःचे क्रमांक वाटत असेल, तर दोन उपकरणांना एकच क्रमांक जाऊ शकतो. दोन वॉर्डांत दोन रुग्णांना एकच केसपेपर क्रमांक दिल्यासारखे. औषध कुणाचे कुणाला जाईल सांगता येत नाही. क्रमांक वाटण्याचे काम मुख्य राउटरकडेच ठेवा, ब्रिजवर ती सोय बंद करा आणि ब्रिजला स्वतःचा वेगळा, कायमचा क्रमांक द्या.

वेगवेगळ्या कंपन्यांचे राउटर आणि ब्रिज जोडले तरी कुरबुरी होतात. वाय-फायच्या साध्या संदेशावर पाकिटासारखे तीन पत्ते पुरतात. ब्रिजला चौथा लागतो, आणि तो हाताळण्याची रीत कंपन्यांनी आपापली बसवली. शक्य तर दोन्ही टोकांना एकाच कंपनीची उपकरणे असावीत आणि त्यांचे सॉफ्टवेअर अद्ययावत करून घ्यावे.

हे सगळे करताना नियम एकच, एका वेळी एकच बदल. चार औषधे एकदम सुरू केली आणि रुग्ण बरा झाला, तर कशाने झाला ते कळत नाही; पुरळ उठले तर कशाने तेही कळत नाही. एक बदल करा, दोन-तीन दिवस वही पाहा, मग पुढचा.

किरणांची भीती

ओपीडीत हमखास येणारा प्रश्न: आजारी माणसाच्या खोलीत हे यंत्र चालेल का? काही घरांत या भीतीने राउटर लोखंडी कपाटात ठेवतात आणि मग सिग्नल नाही म्हणून तक्रार करतात.

घरगुती वाय-फायची ताकद साधारण एक दशांश वॅट, आणि अंतर दुप्पट केले की ती चौथा भाग होते. एक्स-रे पेशींतले रेणू तोडू शकतात, कारण त्यांच्या एकेका कणाची ऊर्जा प्रचंड असते. वाय-फायच्या लहरींची ऊर्जा रेणू तोडायला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा लाखो पटींनी कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘२-बी’ गटात घातले हे खरे. त्याचा अर्थ पुरावा तुटपुंजा आहे, पण शंका पूर्ण मिटलेली नाही. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही त्याच गटात आहे. त्यानंतर या संघटनेच्याच पुढाकाराने झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. मोबाइल तर कानाला चिकटलेला असतो, राउटर खोलीच्या कोपऱ्यात. पेसमेकर असलेल्यांनी मोबाइलसारखी उपकरणे छातीपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावीत, एवढी काळजी पुरे.

विसंबायचे किती?

पूल कितीही पक्का केला तरी तो हवेतला पूल आहे. ज्या घरात मागच्या इमारतीपर्यंत केबल टाकता येते, तिथे ती टाकणे हाच सर्वांत टिकाऊ उपाय. नेटवर्कची साधी तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत चालते. विजांच्या पट्ट्यात मात्र दोन घरांमध्ये फायबर केबल बरी, कारण तिच्यातून वीज वाहत नाही.

आणि केबल असो वा ब्रिज, ज्यावर जीव अवलंबून आहे त्याला दुसरी वाट हवीच. घरात गंभीर रुग्ण असेल तर पुढील गोष्टी कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा.

• उशाशी वायरची साधी घंटा, तिचा आवाज पुढच्या घरात ऐकू आलाच पाहिजे.
• दिवसातून तीन ठरलेल्या वेळा कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन पाहायचे, कॅमेरा चालू असला तरी.
• कॅमेरा दहा मिनिटांहून जास्त बंद राहिला तर उठून जायचे. आधी माणूस पाहायचा, मग राउटर.
• व्हिडिओ कॉल तुटला तर साध्या फोनवर बोलणे पुरे करायचे. वजन, नाडी, ऑक्सिजन यांचे आकडे आधीच लिहून जवळ ठेवायचे.
• रात्रीत वाढलेला दम, आडवे झोपता न येणे, छातीत दुखणे, बोलण्यात किंवा हातापायांत अचानक फरक ही लक्षणे व्हिडिओ कॉलसाठी नाहीत. सरळ १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवायची.
• जोडणी तुटल्याच्या नोंदींची वही बंद करायची नाही. पुढच्या पावसाळ्यात तीच कामाला येते.